मापाच्या वहीची मागची पानं

हे मी सांगायचं नव्हतं. आत्याला तसा शब्द दिलाय, आणि तोही देवीच्या फोटोवर हात ठेवून. पण मी सांगते कुठे आहे? मी लिहिते आहे. बोलायला मला तसंही जमत नाही. हजेरी देताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जात नाही, हे तुम्हा मैत्रिणींना माहीतच आहे.

मंगलआत्या सोलापूरला इंटिरिअरचा कोर्स करून आली, आणि उमरग्यात पप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानाला लागून असलेल्या बोळात तिने बोर्ड लावला. 'खोली तीच, दिसेल वेगळी.' लांबट खोली आखूड दिसेल, बुटकी खोली उंच दिसेल, भिंत पाडायची गरज नाही. पप्पांनी जागा दिली, पण अट घातली. "एक जरी तक्रार माझ्या दारात आली, तर त्या दिवशी बोर्ड खाली!"

माझ्या आधी आत्यासोबत माझी चुलतबहीण जायची. तिने एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगितली, आणि दोन महिने आत्याला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तेव्हा आत्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिलाच नेते. ही बोलतच न्हाय."

माझं काम एवढंच. सुट्टीच्या दिवशी जायचं, टेपचं एक टोक धरायचं आणि माप वहीत लिहायचं. टेपच्या दुसऱ्या टोकाला रशीदचाचा. ते गवंडीही आहेत आणि पेंटरही. उमरग्यातल्या निम्म्या भिंती त्यांनी उभ्या केल्यात आणि उरलेल्या निम्म्या रंगवल्यात.

पण लोकांच्या घरात टेप घेऊन फिरलं की किस्से आपोआप साठतात हो! वहीच्या पुढच्या पानांवर मापं, मागच्या पानांवर हे. आता पुढून येणारी मापं आणि मागून येणारे किस्से एकमेकांना भेटायला आलेत. आत्ता मी एका घराच्या पायरीवर बसले आहे. बसप्पा सुतार यायचा आहे, म्हणून सगळेच खोळंबलेत. घर कुणाचं ते शेवटी सांगते.

*

आधी आमचंच. आत्याचं ऑफिस पाच फूट रुंद आणि वीस फूट लांब. समोरासमोर दोघं बसले तर गुडघ्याला गुडघा लागतो. आत्याने एका लांब भिंतीला खालपासून वरपर्यंत आरसे लावले. जागा एकदम दुप्पट रुंद! पप्पासुद्धा आत येऊन आरशावर हात फिरवून गेले.

दुसऱ्याच दिवशी खेड्यावरचे एक फेटेवाले आजोबा आले. दारात थांबले, आत डोकावले आणि मागे फिरले.

आत्या धावली. "आजोबा, या की आत!"

"नगं बाई. तुमच्याकडं लई गर्दी हाय. उद्या येतो."

आत आम्ही तिघंच होतो! आत्या, चाचा आणि मी.

पप्पा हार्डवेअरच्या गल्ल्यावरून ओरडले, "अगं, आलेलं गिऱ्हाईक गेलं की!" आत्या मात्र खूश. आरशाचं काम झालं म्हणजे झालं.

आजोबा शब्दाचे पक्के निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच आले. दारातून आत बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "आज बी तेवढीच हायती!"

*

हायवेला एका ट्रकमालकाचं नवं घर आहे. त्याच्या हॉलचं माप मी लिहिलं, आठ फूट गुणिले चोवीस. लिहिलं आणि परत एकदा टेप बघितला. चाचा गालात हसत होते.

आत्याने विचारलं, "मालक, हे माप काढलं कुणी?"

"म्याच! तीस वर्षं गाडी चालवली बाई. डोळं झाकून कळणारी जागा म्हंजी मागची बॉडी. तिच्यात किती माल बसतो ते तोंडपाठ हाय. म्हणलं, हॉल बी तेवढाच घ्यावा. अंदाज चुकायला नगं."

मी थक्क झाले. माणूस ट्रकच्या मापाचं घर बांधतो? दोन्ही भिंतींना लागून सोफ्यांच्या दोन रांगा होत्या, मधून जायला वाट. काकू म्हणाल्या, "पाव्हणं आलं की वाटतं, तिकीट फाडावं."

आत्याचा उपाय असा. समोरची आखूड भिंत गडद विटकरी रंगवायची, म्हणजे ती जवळ आल्यासारखी दिसते. सोफ्यांची रांग मोडून दोन बैठकी करायच्या. सतरंजी लांबीत घालायची नाही, आडवी घालायची. तीन दिवसांत सगळं झालं. मालक तेव्हा हैदराबादला माल घेऊन गेले होते.

ते परत आले ते नेहमीच्या घाईत. दारातून तरातरा आत शिरले, मान वर केली, आणि दोन्ही हात पुढे करून जागच्या जागी गच्च थांबले.

"ए थांब, थांब, थांब! भिंत पुढं आली की!"

आणि ते खरोखर उलटे चालत फाटकापर्यंत गेले! झालं, पहिली तक्रार! चाचांनी भिंतीवर थाप मारून दाखवली. "जिथल्या तिथं हाय मालक. रंग दिलाय फकत."

मालकांनी पावलं मोजली. परत मोजली. मग सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "आयला, चोवीसच भरतंय."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "रंग झकास हाय बाई. आता त्या भिंतीवर 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं लिवा. म्हंजी ह्यांना कळंल, कुठं ब्रेक मारायचा!"

*

पुढचा किस्सा एका सरांचा आहे. नाव लिहिणार नाही. विषय मात्र लिहावाच लागेल, गणित. कुणी ओळखलंच तर ओळखलं नाही असं दाखवा.

सरांनी घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत अभ्यासाची खोली काढायला गवंड्याला सांगितलं. कसं सांगितलं? फोनवर! "एकशेवीस चौरस फुटांची एक खोली काढा." बस. गवंड्याने काढली.

मी टेप धरला. रुंदी चार फूट. मग चाचा टेप घेऊन चालायला लागले, चालतच राहिले. लांबी तीस फूट!

खोलीत टेबल होतं. खुर्चीत बसायचं तर आडवं होऊन सरकत जायचं. कपाट उघडायचं तर आधी टेबलावर चढायचं. मी तोंडावर वही धरली. मागून सरांचा आवाज आला, अगदी वर्गातला.

"क्षेत्रफळ बरोबर आहे!"

चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "व्हय सर. एक चौरस फूट बी कमी न्हाय."

आत्याने त्या खोलीचे तीन तुकडे केले, वाचायचा, बसायचा आणि पुस्तकांचा. प्रत्येकाला वेगळा दिवा दिला. कपाटाला सरकती दारं बसवली. आता तिथं आत गेलं की बोळ वाटत नाही, एकामागोमाग तीन छोट्या खोल्या वाटतात. सर खूश झाले. पण आम्ही निघताना त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"हे नववी ब मध्ये कळता कामा नये."

मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात पुस्तक उघडलं. धडा निघाला क्षेत्रफळाचा. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकाकडे बघितलं. सरांनी पुस्तक मिटलं.

"हा धडा सोपा आहे. घरी वाचा."

सगळा वर्ग आनंदाने ओरडला होता, आठवतंय ना?

*

तुळजापूरपलीकडच्या वाशीच्या बाजारात एका आडत दुकानदाराने घराला लागून असलेल्या धान्याच्या गोदामातली एक खोली म्हाताऱ्या वडिलांसाठी मोकळी केली. नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद आणि सोळा फूट उंच! पोत्यांना बरी, माणसाला नाही. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आप्पाच म्हणाले, "हिरीच्या तळाला निजल्यागत वाटतं. आकाशातनं कोण तरी वाकून बघतंय, आसं."

आत्याने छत गडद मातकट रंगवायला लावलं, आणि तोच रंग चारी भिंतींवर तीन फूट खाली उतरवला. त्याच्याखाली सगळं पांढरं. नजर त्या रेघेवरच थांबते आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. काम संपलं. आप्पा दुपारचे जेवून नव्या खोलीत आडवे झाले. आम्ही स्टँडवर चहाला गेलो.

कप तोंडाला लावला नाही तोच आरडाओरडा! आम्ही पळत आलो तर आप्पा गल्लीत उभे, काखेत उशी.

"स्लॅब खाली आला! म्या डोळ्यानं बघितला! झोपताना वर हुता, उठून बघतो तर खाली!"

बाजारातले हमाल धावले. कुणी लहान पोरांना लांब हाकललं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथले लाकडी टेकू उचलून आणले. आत्या ओरडून सांगत होती, "अहो, रंग आहे तो, रंग!" पण अशा वेळी इंटिरिअरवालीचं कोण ऐकतं? चार हमाल जीव मुठीत धरून टेकू घेऊन आत शिरले.

आत एकदम शांत.

मग एक हमाल बाहेर आला. "आप्पा, टेकू पुरंना. अजून आठ फूट पायजे!"

आप्पांनी दारातून मान आत घातली. टेकूचं टोक कुठे आणि छत कुठे! आप्पा कितीतरी वेळ वर बघत राहिले.

"म्हंजी... अजून वरच हाय व्हय?"

आत्याने त्यांच्या मुलापुढे हात जोडले. म्हणाली, चूक झाली, रंग बदलून देते, पण उमरग्याला माझ्या भावाच्या कानावर घालू नका. मुलगा हसू दाबत म्हणाला, "बदलता कशाला बाई? गुडघं दुखत्यात म्हणून सात वर्षं आप्पा दाराबाहेर आलं न्हवतं. आज कसलं पळालं!"

परतीच्या एसटीत मात्र आत्या तुळजापूर येईपर्यंत रंगांचं कार्ड उलटसुलट करत राहिली. बोर्ड तिच्या डोळ्यांपुढे लटकत होता, हे मला दिसत होतं.

*

येरमाळ्याचा किस्सा दारांचा आहे. तिथं एका घरातली मधली खोली दहा बाय दहा, आणि तिला दारं पाच! एक अंगणात, एक स्वयंपाकघरात, एक देवघरात, एक गोठ्याकडे आणि एक कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत. ती खोली नव्हतीच, चौक होता. एक कॉट टाकायची तरी कुठलं ना कुठलं दार अडायचं. आणि येडाईदेवीच्या चैत्री यात्रेला, देवीची चुनखडी वेचायला, त्यांच्याकडे पंचवीस माणसं उतरतात. यात्रेआधी काहीतरी करून द्या म्हणून ते मागे लागले होते.

आत्याने घरातल्या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि विचारलं, "कोपऱ्यातलं ते दार कोण वापरतं?"

"कोण न्हाय!" सगळे एका सुरात.

बसप्पाने त्या दारावर उंच कपाट ठोकलं. ड्रिलचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. कपाटाला भिंतीचाच रंग दिला, म्हणजे तिथं दार होतं हे कळूच नये. कॉट बसली, मधली जागा मोकळी झाली, घरातल्या आजींनी कपाटाला हळदीकुंकू लावलं. सगळे चहाला बसलो.

टक. टक. टक.

कपाटातून आवाज! वरच्या फळीवरचे स्टीलचे पेले थरथरले. आजींच्या हातातली बशी खाली पडली. "आई येडाई!" म्हणून त्यांनी हात जोडले.

मग कपाटाच्या आतून अगदी हळू, संकोचलेला आवाज आला.

"अहो... चहा झाला का?"

जावई! रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने लातूरहून आले होते. कोपऱ्यातली खोली गार असते म्हणून कुणाला न सांगता जाऊन झोपले. ड्रिलने गल्ली जागी झाली, पण जावई जागे झाले नव्हते!

बसप्पा म्हणाला, "मागनं खिडकी हाय. तिच्यातनं घिऊ का बाहीर?"

सासरे कडाडले, "जावायाला खिडकीतनं काढत्यात व्हय रं? फोड ते कपाट!"

अर्ध्या तासापूर्वी हळदीकुंकू लावलेलं कपाट खडाखडा उतरवलं. जावई बाहेर आले. त्यांना ओवाळलं. ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले, चौफेर बघितलं आणि खुशीने म्हणाले, "खोली लई मोठी वाटती की आता! फकस्त त्या कोपऱ्यात एक कपाट पायजे हुतं."

*

आता शेवटचा. हा खरंच लिहायला नको.

उमरग्यात दोन भाऊ आहेत, थोरले अण्णा आणि धाकटे बापू. आठ वर्षांपूर्वी वाटणी झाली. एकच लांबलचक घर, त्याच्या मधोमध उभी भिंत घातली, पुढच्या दारापासून मागच्या परसापर्यंत. मधोमध म्हणजे इतकं मधोमध की वाटेत खिडकी आली तर भिंत खिडकीतूनच गेली! कडी अण्णांकडे गेली आणि ती ज्यात अडकते तो कोंडा बापूंकडे. त्या दिवसापासून ती खिडकी लागलेलीच नाही. वारा सुटला की आपटते, पण बोलायचं कुणी? दोन्ही घरांचा अबोला.

अण्णांकडे माणसं दोनच, ते आणि शांताकाकू. बापूंकडे सहा. बापूंच्या सुमनकाकूंनी आम्हाला बोलावलं. "पाचजण जेवाय बसलो, की सहाव्यानं ताटं वलांडून जायचं. किती दिवस काढायचं आसं?"

पहिल्या दिवशी मी त्यांच्या बाजूची रुंदी घेतली. "पावणेसात फूट," मी म्हणाले.

ती भिंत रशीदचाचांनीच उभी केली होती. ते टेपकडे न बघता म्हणाले, "साडेसहा लिव बेटा."

मला धक्काच बसला! सुताएवढा फरक पडला तरी मला परत मोजायला लावणारे चाचा!

"चाचा, पावणेसात आहे."

त्यांनी टेप गुंडाळला. "बरं. तुला दिसतंय ते लिव." आणि रंग कालवायला निघून गेले.

मी नीट अक्षरात 'पावणेसात' लिहिलं आणि सवयीने खाली रेघ ओढली.

काम छान झालं. मागची आखूड भिंत गडद. लांबी तोडायला मध्ये कमरेएवढं कपाट, अलीकडे बैठक, पलीकडे निजायची जागा. वाटणीच्या भिंतीवर लांब आरसा. आणि अर्ध्या खिडकीवर पूर्ण भिंतभर पडदा, म्हणजे अर्धी खिडकी पूर्ण वाटावी. सुमनकाकू आत आल्या आणि एकदम खालीच बसल्या. "हे आपलंच हाय व्हय?"

ही बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागत नाही. शांताकाकू आठ वर्षांत पहिल्यांदा त्या दारात आल्या. आरशाकडे बघितलं आणि किंचाळल्या.

"भिंत सरकवली! आगं बाई, भिंत सरकवली ह्यांनी! आमची तेवढीच, आन् ह्यांची दुप्पट झाली!"

गल्ली गोळा झाली. शांताकाकू आत्याकडे वळल्या. "मंगल, बोर्ड लावून लोकांच्या भिंती सरकवतीस व्हय गं? थांब, तुझ्या भावाच्या दुकानातच येते आता!"

इतके दिवस चुकवत आणलेली तक्रार आज खरंच पप्पांच्या दाराकडे निघाली होती!

कुणीतरी अण्णांना बोलावून आणलं. अण्णांची पिठाची गिरणी आहे. कोपरापर्यंत पीठ, भुवयांवर पीठ. ते कमी बोलतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजा. आधी आमची बाजू. टोक म्या धरतो."

चाचांनी टेप ओढला. मी वही घेऊन अण्णांच्या शेजारीच उभी होते. म्हणून मला दिसलं. टेपचं टोक भिंतीला लागलेलंच नव्हतं. पहिले तीन इंच दुमडून अण्णांच्या मुठीत होते!

पलीकडून चाचा मोठ्याने म्हणाले, "साडेसहा!"

म्हणजे खरी होती सव्वासहा. माझं डोकंच चालेना. माणूस स्वतःची खोली खोटी मोठी कशाला मोजेल?

"आता त्यांची मोजा!" शांताकाकू ऐकत नव्हत्या.

तेवढ्यात आत्याला आधार सापडला. ती जोरात म्हणाली, "त्यांचं कामाच्या आधीचं माप आमच्या वहीत लिहिलेलं आहे. वैशू, सगळ्यांना वाचून दाखव!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी पान उघडलं. 'पावणेसात', खाली रेघ. हे वाचलं तर शांताकाकू सरळ पप्पांच्या दुकानात जाणार, आणि संध्याकाळपर्यंत बोर्ड खाली येणार. आणि दोन घरांमध्ये आहे त्या भिंतीवर अजून एक भिंत उभी राहणार. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा चाचांकडे बघत होते. चाचा जमिनीकडे.

"साडेसहा," मी म्हणाले.

इतक्या मोठ्याने की मीच दचकले! कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत आवाज गेला, असं नंतर चाचा म्हणाले.

"झालं समाधान?" अण्णा शांताकाकूंना म्हणाले. "चल घरी. आरसा हाय तो. तुला बी आनून देतो." गल्ली पांगली. शांताकाकू पुटपुटत गेल्या, पण दुकानाकडे नाही, घराकडे गेल्या.

जाता जाता अण्णा माझ्यामागे थांबले. वही अजून उघडीच होती. मी घाईने मिटायला गेले, पण त्यांनी वाचलं होतं.

"अक्षर लई चांगलं हाय तुझं, पोरी," ते म्हणाले आणि गिरणीकडे गेले.

ऑफिसवर येऊन मी टेप पुसायला घेतला. तीन इंचांच्या खुणेवर पिठाचा अंगठा उमटला होता. आठ वर्षांपूर्वी सहा माणसांच्या बाजूला तीन इंच जास्त सोडायला चाचांना कुणी सांगितलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी तो कुणाला न दाखवता पुसून टाकला.

काल अण्णा ऑफिसात आले. आरशातल्या गर्दीला ते बिचकले नाहीत. म्हणाले, "आमची बी खोली तशीच करा. बाई रोज म्हणती, त्यांची मोठी दिसती."

"उद्या मोजायला येते," आत्या म्हणाली.

"मोजायचं कशाला? साडेसहा हाय की. सगळ्या गल्लीनं ऐकलंय."

पण आत्या कुणाच्या सांगण्यावरून माप घेत नाही. म्हणून आज ही पायरी. हे घर अण्णांचं.

बसप्पा आत्ताच आला, माझ्यासमोर अंगणात फळ्या मांडून बसलाय. आत टेप ओढल्याचा आवाज येतोय. शांताकाकू चहा ठेवतायत. "टोक म्या धरतो," असं अण्णांनी म्हटलेलं मी ऐकलं. अर्ध्या खिडकीतून त्यांची पांढरी मूठ दिसते आहे. आणि आज दुसरं टोक चाचांकडे नाही, आत्याकडे आहे. ती टेप वाचता वाचता थांबली. टेपवरून तिची नजर हळूहळू अण्णांच्या मुठीपर्यंत गेली.

"साडेसहा!" आत्या ओरडली. स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्याने. "लिहिलंस का गं वैशू?"

मग ती बाहेर आली, बसप्पाच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "फळी सव्वासहाचीच काप."

बसप्पाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आत्याकडे. आत्या काहीच झालं नाही अशी आत वळली आणि दारातून तिने हाक मारली, "वैशू, ती वही मिट आणि ये आत! टेप धर!"

'आले,' म्हणाले, पण मापांच्या पानाआधी दोनच ओळी उरल्यात, त्यांत एवढं लिहून मगच जाते, की आत्या वळताना मी तिचा चेहरा बघितला, आणि तिच्या डोळ्यांत